बंदीवर मत देताना घ्यायची काळजी

क्युबावरची अमेरिकेची व्यापारबंदी उठवावी की ठेवावी, असं कुणी विचारलं तर गांगरू नका. मत देणं सोपं आहे, फक्त आधी घरात साठा करून ठेवावा. १९६२च्या फेब्रुवारीत बंदीच्या हुकमावर सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपला प्रेस सेक्रेटरी पिअर सॅलिंजर याला क्युबन सिगार गोळा करायला पिटाळलं. हजार मागितले होते, त्याने बाराशे मिळवले. सकाळी तो आकडा कानावर पडला आणि मगच टेबलाच्या खणातून तो कागद बाहेर निघाला, असं सॅलिंजरनेच पुढे सांगितलंय.

साठा झाला? आता दोन प्रश्नांची गाठ पडू देऊ नका. मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीने २०१४मध्ये तिथल्या क्युबन-अमेरिकनांना विचारलं, बंदीचा काही उपयोग झाला का? ७१ टक्के म्हणाले, फारसा नाही किंवा मुळीच नाही. मग चालू ठेवायची का? ४८ टक्के म्हणाले, ठेवा. बेरीज करून बघा, निदान १९ टक्के मंडळींना औषध लागू पडत नाही हे कबूल आहे आणि डोसही चुकवायचा नाही. तुम्ही त्यांच्यातच बसा. तिथे वाद घालायला कुणी येत नाही.

‘उठवा’ म्हणायची फारच हौस असेल तर बिनधास्त म्हणा, धोका काहीच नाही. २०१५मध्ये गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेला ५९ टक्के अमेरिकनांनी तसंच सांगितलं होतं. पण १९९६च्या हेल्म्स-बर्टन कायद्यानंतर ही बंदी राष्ट्राध्यक्षालाही एकट्याने उठवता येत नाही, तिथे तुमची काय कथा! अगदीच पेच पडला तर २०१६चा कित्ता गिरवा. संयुक्त राष्ट्रांत बंदीच्या निषेधाचा ठराव आला, १९१ देश बाजूने, विरोधात कुणी नाही, आणि अमेरिका आपल्याच कायद्याबाबत तटस्थ.

मत क्युबाच्या राजधानीत, हवानात बसून द्यायचं असेल तर मात्र शब्द बदला. तिथे सरकारी भाषेत बंदीला ‘ब्लोकेओ’ म्हणतात, म्हणजे नाकेबंदी. साबण नाही? ब्लोकेओ. वीज गेली? ब्लोकेओ. कारभार कुणाचा, हे विचारायचं राहूनच जातं. फक्त ताटातली कोंबडीची तंगडी अमेरिकेची निघाली (२०००च्या कायद्याने खाद्यपदार्थ विकायला परवानगी आहे, पैसे आधी आणि रोख), तर विषय जेवण झाल्यावर काढा.