शुगरच्या पट्ट्या फ्रीजमध्ये? नको!

सांगलीत पारा चाळिशीला टेकला की घरी रक्तातली साखर मोजायच्या मशीनबद्दल आणि त्यात घालायच्या पट्ट्यांबद्दल हा मेसेज फिरायला लागतो: 'शुगरच्या पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवा, एक्स्पायरीपर्यंत टिकतात. फ्रीज नसेल तर तांदळाच्या डब्यात. मशीन कुठंही चालतं. लॅबशी आकडा जुळला नाही तर मशीन बाद.'

फ्रीजचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो पटतो. इन्सुलिन फ्रीजमध्ये, मग पट्ट्याही तिथंच! न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. पट्ट्यांच्या बऱ्याच डब्यांवर ४ ते ३० अंश छापलेलं असतं. कुणी म्हणेल, मग ५ अंशांत काय बिघडतं? बिघडवते ती ओल. फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून घाम फुटतो ना, गार डबी उघडली की तोच आत पट्ट्यांवर. पट्टीच्या टोकाला साखर ओळखणारं एन्झाइम सुकवून लावलेलं असतं. ते ओलीनं खराब झालं की आकडा चुकतो, आणि मशीन एरर दाखवेलच असं नाही.

तांदळाचं तर विचारूच नका. ओल शोषायची सोय मूळ डबीतच असते. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं, बस्स. माठाजवळचा कोनाडा गार, पण दमट. त्यापेक्षा आतल्या खोलीतलं, भिंतीला ऊन न लागणारं कपाट बरं. उन्हाळ्यात शंभरऐवजी पंचवीसच पट्ट्या आणा.

एक्स्पायरी बंद डबीची. उघडल्यावर बऱ्याच पट्ट्या ३ किंवा ६ महिन्यांतच वापरायच्या असतात. डबीवर पेननं तारीख टाका.

मशीन साधारण १० ते ४० अंशांत चालतं. उन्हातल्या गाडीतून काढलं असेल तर अर्धा तास घरात राहू द्या.

लॅबशी तंतोतंत आकडा जुळत नसतोच. १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के फरक मानकातच धरलेला आहे. लॅबमध्ये २०० तर घरी १७० ते २३० चालतं.

आणि हात धुवायचं या मेसेजात कुठंच नाही! तासगावची आमची आत्या बेदाणा निवडता निवडता उठली नि तशीच बोट टोचून बसली. २६८. "अरे, सकाळपासून चहासुद्धा नाही घेतला!" साबणानं हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट टोचलं. १५४.