‘तूर-हरभऱ्याला खत कशाला?’ या मेसेजला उत्तर

पेरणी जवळ आली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच: तूर, हरभरा, मूग हवेतला नत्र (नायट्रोजन) घेतात, त्यांना खत लागत नाही. कोरडवाहू रानात कंपोस्ट कुजत नाही, उलट वाळवी लागते. एकरी डीएपीची (नत्र-स्फुरद देणारं रासायनिक खत) एक गोणी टाका आणि मोकळे व्हा. तसंही गोठे ओस पडलेत, खत आणणार कुठून? मराठवाडा-विदर्भातली तूर बहुतेक पावसाच्याच भरवशावर असते, तेव्हा हे नुसतं वाचून सोडून देण्यासारखं नाही.

आधी नत्राचं. हवेतला नत्र पीक स्वतः घेत नाही, मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू घेतात. त्यांना त्यासाठी पिकाकडून साखर, जमिनीतून स्फुरद (फॉस्फरस), लोह, मॉलिब्डेनम आणि मुळांभोवती खेळती हवा लागते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद आणि लोह असूनही पिकाच्या हाती लागत नाहीत. कंपोस्टमधली सेंद्रिय आम्लं त्यातला काही भाग मोकळा करतात, आणि माती भुसभुशीत झाली की गाठींना हवाही मिळते. खात्री करायची तर पीक साधारण 40 दिवसांचं झाल्यावर एक रोप खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून खालीच राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा आणि एक मोठी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर ती काम करते आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली, तर गाठी कितीही असोत, त्यांचा पिकाला उपयोग नाही.

शिवाय हा नत्र शेवटी जातो कुठे? बराचसा दाण्यात. हरभऱ्यात 20 टक्के प्रथिनं धरली तर 10 क्विंटल मालाबरोबर 32 किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर जातो. वर कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकलं, तुराट्या चुलीत गेल्या, की जमिनीला उरतो तो झडलेला पाला आणि मुळं. कडधान्य घेतलं म्हणजे जमीन आपोआप सुधारते, हे इतकं सरळ नाही.

‘कुजत नाही, वाळवी लागते’ हा अनुभव खोटा नाही, पण तो कच्च्या मालाचा आहे. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) भुगा तसाच गाडला तर तो कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. उकिरड्यावरचं अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी), वाळवी आणि तणाचं बी सोबत येतं. कंपोस्ट मात्र शेतात येण्याआधीच कुजलेलं असतं. तयार खताला शेणाचा वास येत नाही आणि त्यातली काडी चिमटीत चुरते.

उलट्या टोकाचा दावाही मला मान्य नाही. कंपोस्ट टाकलं की दुष्काळातही पीक तरतं, असं कुणी सांगत असेल तर ते शेतकऱ्याला फसवणं आहे. भारी काळी जमीन मुळातच भरपूर पाणी धरते. तिथे फायदा होतो तो पाऊस मुरण्यात. हलक्या, मुरमाड रानात ओल जास्त टिकते, पण तीही काही वर्षं सातत्याने खत टाकल्यावर. आपल्याकडच्या उन्हात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन) लवकर संपतो, म्हणून एकदाच ढीगभर टाकण्यापेक्षा थोडं थोडं दरवर्षी बरं.

डीएपीच्या गोणीला माझा विरोध नाही. तुरीला हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरदाची, म्हणजे एकरी साधारण 10 आणि 20 किलोची, शिफारस आहे. 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं, म्हणजे एकरी हिशेब जवळपास जुळतो. एकरी 2 टन कंपोस्टमधून स्फुरद जेमतेम 4 किलो मिळेल. पण गोणीत पालाश (पोटॅश) नाही आणि सेंद्रिय कर्बही नाही. दोन्ही द्या, जोडीला बियाण्याला रायझोबियम चोळा.

राहिला जनावरांचा प्रश्न. त्यावर पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, उत्तर शोधलं होतं: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. त्यात सुमारे दीड टन काडीकचरा, तेवढीच कोरडी माती आणि शेण फक्त 100 किलोच्या आत-बाहेर. एक गाय असलेल्या घरालाही हे जमतं. खत व्हायला तीन-चार महिने लागतात. पाणी मात्र दीड-दोन हजार लिटर लागतं, म्हणून टाकं उन्हाळ्यात भरायला घेऊ नका. पावसाळ्याच्या शेवटी भरा, तेव्हा हिरवं तणही असतं आणि पाणीही. खत तयार झालं की पेरणीपर्यंत सावलीत झाकून ठेवा. रानात ढीग घालून दीड महिना उन्हात वाळवू नका. कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी पसरा आणि त्याच दिवशी मातीत मिसळा.