नेनेकाकांचे दोन चेक

नेनेकाकांनी एकाच बिलाचे दोन चेक फाडले म्हणून सत्तरीनंतर कुणाला कमिटीत घेऊ नये, असा ठराव मांडणारी त्यांच्या सोसायटीची नोटीस सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे विषय कुणी काढायची गरजच नव्हती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बूड टेकायच्या आधीच बंड्याने निकाल देऊन टाकला.

"सत्तरीनंतर कमिटीत नको, ठराव बरोबर आहे. एकाच बिलाचे दोन चेक? अहो, मेंदू म्हणजे शेवटी मशीन, झिजणारच. तिशीनंतर रोज लाख पेशी मरतात. मी टाकलं होतं ग्रुपवर."

"तुझं वाचूनच मरत असतील," सुलभाताई म्हणाल्या.

बंड्या इन्शुरन्सवाला. खिशात प्लास्टिकच्या डबीत भिजवलेले बदाम, मोबाइलमध्ये वर्षाचे पैसे भरलेला मेंदूचा खेळ, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही अशी शपथ. विदुला एका मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे विसराळूपणा तपासतात तिथे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे; रोजची कामं जमवायला शिकवते. ती बराच वेळ ऐकून घेते, मग बोलते.

"बंड्या, डेन्मार्कमध्ये १९९७ साली या पेशी खरंच मोजल्या. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी विशीपासून नव्वदीपर्यंत जेमतेम दहा टक्के कमी होतात. जास्त झिजतं ते आतलं वायरिंग, पेशींना जोडणारे तंतू. त्यामुळे वेग मंदावतो. मंदावणं वेगळं आणि विसरणं वेगळं. तू दोन्ही एकाच पोत्यात भरतोस."

"मग मला नावं आठवत नाहीत ती?" भाऊंनी विचारलं. भाऊ बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. "आता तो आपल्या टेनिस बॉल टूर्नामेंटचा अंपायर. मला रनआउट दिलं होतं बघ. 'प'वरून होता. पाच अक्षरी."

"पाटणकर!" बंड्या.

"पाटणकर नाही रे."

"पाटणकरच."

"गप्प बस. आता यांना पाटणकरशिवाय काही सुचणार नाही," विदुला म्हणाली. "चुकीचं नाव दारात उभं राहिलं की खरं आत अडकतं. भाऊंना पहिलं अक्षर माहीत आहे, अक्षरं किती तेही माहीत आहे, म्हणजे नाव आत आहे. सोडून द्या, येईल आपोआप. आणि नावंच का अडतात, तर नावाला अर्थाची खुंटी नसते. फोटो दाखवून 'हा सुतारकाम करतो' म्हटलं तर रंधा, लाकूड, भुसा सगळं त्याला चिकटतं आणि लक्षात राहतं. तोच फोटो दाखवून 'याचं आडनाव सुतार' म्हटलं की निसटतं. शब्द तोच. तरुणांचंही निसटतं, वयाबरोबर जास्त."

"पण वेग तरी गेला ना? मीटिंगला वेग लागतो," बंड्या मागे हटेना.

यावर सुलभाताई सरसावून बसल्या. कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलेली बाई. "वेग कशाने येतो तुला ठाऊक आहे? मशीनवर बोटं एक शब्द मारत असतात आणि डोळे पुढच्या ओळीवर असतात. नवीन मुलगी अक्षर बघते, मारते, बघते, मारते. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ होती, पण पान आधी माझं निघायचं."

विदुला खूश झाली. "हेच सॉल्टहाउस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दाखवलं. १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट. नुसतं अक्षर दिसेल तसं बटण दाबा म्हटलं तर वयस्क मागे पडले. टायपिंगला बसवलं तर वेग सारखाच. मग त्याने पुढचा मजकूर झाकायला सुरुवात केली, एका वेळी थोडीच अक्षरं दिसतील असं केलं. तेव्हा वयस्कांचा वेग जास्त पडला. म्हणजे ते पुढचं वाचून ठेवूनच बोटांची भरपाई करत होते. आपण काय करतो? म्हाताऱ्या माणसाला मीटिंगमध्ये आयत्या वेळी कागद देतो आणि म्हणतो, बघा, गोंधळले. विषयपत्रिका दोन दिवस आधी द्या, मग बघा कोण गोंधळतं."

"आमच्या वेळची माणसंच वेगळी," भाऊ म्हणाले.

"ते तुम्ही गमतीत म्हणता, पण ते खरंच आहे," विदुला म्हणाली. "आजचा पंचविशीतला आणि आजचा सत्तरीतला शेजारी बसवून परीक्षा घेतली तर वयाचा फरक कळतो की शिक्षणाचा? शाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ पासून अमेरिकेतल्या सिएटलमध्ये दर सात वर्षांनी त्याच त्याच माणसांना तपासलं. त्यात कळलं की शब्दभांडार आणि शब्दांची समज साठीपर्यंत टिकते, कित्येकांची त्याच्याही पुढे. झटपट नजरेने शोधण्याचा वेग मात्र तरुणपणीच उतरायला लागतो. म्हणजे बंड्या, तुझाही उतरतोय."

"माझा? मी रोज लेव्हल चाळीस खेळतो!"

"त्या खेळात तू पटाईत होशील, नक्की. पण म्हणून बाकी सगळं सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. असले दावे केले म्हणून एका मोठ्या कंपनीला ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरायला लावले. त्यापेक्षा चाल. २०११ चा प्रयोग आहे, ५५ ते ८० वयाची १२० माणसं. निम्मी आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भरभर चालली. वर्षाने त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी बसवणारा भाग, दोन टक्के वाढला. नुसते हातपाय ताणणाऱ्यांचा कमी झाला. हे समोर पार्क आहे, फुकट आहे."

बंड्याने बदाम पुढे केले. कुणी घेतले नाहीत.

"आणि लक्षात ठेवण्याच्या गोष्टी तू करूच नकोस," सुलभाताईंनी जुनं खातं उघडलं. "२०११ साली माझा हप्ता भरतो म्हणालास. ग्रेस पिरियडचे तीस दिवस उलटून गेले. तेव्हा तू चाळिशीचाही नव्हतास."

"ताई, ते एकदाच झालं होतं."

"काकांचंही एकदाच झालंय."

या वाक्यापुढे बंड्याला खरं तर उत्तर नव्हतं, पण तो बोलत राहिला. विदुलाने त्याला बोलू दिलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

"दुसऱ्या चेकवर दुसरी सही कुणाची होती?"

भाऊंना माहीत होतं. "सेक्रेटरीची."

"वय?"

"असेल अडतीस."

"मग ठराव अडतीशीपासून लावा."

हसणं ओसरल्यावर भाऊंनी चेकचं प्रकरण समजावलं. बिल आधी व्हॉट्सअॅपवर आलं, काकांनी प्रिंट काढून चेक फाडला. आठ दिवसांनी तेच बिल छापील आलं. दुसरा चेक लिहिताना दोनदा फोन वाजला. विदुला म्हणाली की यात पद्धत चुकली आहे. हातातलं काम मध्येच तुटलं की पुन्हा धागा सापडायला वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो, त्यामुळे आठवणीवर विसंबायचंच नाही. चेक फाडायच्या आधी बिलावर 'पेड'चा शिक्का मारायचा आणि चेक नंबर, तारीख लिहायची. बिल नंबर स्थळप्रतीवर लिहायचा. सही करणाऱ्या दुसऱ्याने मूळ बिल आणि त्यावरचा शिक्का बघितल्याशिवाय पेन उचलायचं नाही. फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत.

"पण मीटिंगमध्ये काका नुसतं हो-हो करतात," बंड्या. "परवा साठ हजार म्हटलं, त्यांनी आठ लिहिले."

विदुला एकदम गंभीर झाली. "अरे, हे आधी सांगायचं ना! वयाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ. 'साठ'मधला 'स' गेला की उरतं 'आठ'. त्यांच्या डोक्याचं काय काढतोस, कान तपास. जे आत शिरलंच नाही ते विसरतील कसं? ऑडिओमेट्री करून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशनने डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. ती सगळी सांभाळली तर जवळजवळ ४५ टक्के लोकांचा आजार टाळता किंवा लांबवता येईल म्हणे. मधल्या वयात ऐकू कमी येणं हे त्यात सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

गोळ्या भाऊंना पाठ होत्या, दुकानातून तेच आणून देतात. डायबेटिसची मेटफॉर्मिन बारा वर्षं. पित्तावर पँटोप्राझोल. खाज येते म्हणून गेले तीन आठवडे क्लोरफेनिरामिन. झोपेची अल्प्राझोलम.

पुढचं विदुलाचं बोलणं सविस्तर देतो आहे, कारण घरोघरी हेच हवं आहे. मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसाचं जास्तच. खाजेची जुनी गोळी आणि झोपेची गोळी, दोन्हींनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं आणि आठवणी नीट बसत नाहीत. तेव्हा सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओतायच्या. झोपेची गोळी मनाने अचानक बंद करायची नाही, त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. रक्तात बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन बघायचं. मन खचलेलं असलं तरी माणूस विसरल्यासारखा दिसतो, तेही विचारायचं.

"आणि खरंच आजार असेल तर?" सुलभाताईंनी हळू आवाजात विचारलं.

"तर लवकर कळलेलं बरं. आम्ही पाच शब्द देतो, पाच मिनिटांनी विचारतो. नाही आले तर इशारा देतो, 'एक फूल होतं'. इशाऱ्यावर आठवलं तर माल गोदामात आहे, हाताला लागत नव्हता. इशारा देऊन, पर्याय देऊनही नाही, तर माल आलाच नव्हता. त्याची काळजी करायची. घरी बघायचं ते हे: दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, पन्नास वर्षं केलेल्या पुरणपोळीत क्रम हरवणं, आणि माणसाला स्वतःला काहीच वाटत नसताना घरच्यांना जाणवणं. हे महिनोन्‌महिने वाढत गेलं तर न्यूरॉलॉजिस्ट. पण कालपर्यंत ठीक आणि आज बरळतोय, तर तो म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम उतरणं, नाहीतर महिन्यापूर्वी पडल्यावर डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त. त्याच दिवशी हॉस्पिटल."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. भाऊ म्हणाले, उद्या काकांना कानाच्या डॉक्टरकडे मीच नेतो. सोसायटीच्या सभेत विदुलानेही यावं असं ठरलं. बंड्या म्हणाला, मी पण येतो, आणि चहा सांगायला उठला. तो चार पावलं गेला असेल नसेल, भाऊंनी मांडीवर थाप मारली.

"पेडणेकर!"

"आलं ना?" विदुला.

"पेडणेकर! त्यानेच बोट वर केलं. माझी बॅट वीतभर आत होती."

बंड्या तिथूनच वळला. "भाऊ, पेडणेकर बोलरच्या बाजूला होता. तुम्ही या टोकाला आउट झालात. बोट वर केलं ते लेग अंपायरने."

"कोण होता लेगला?"

"नेनेकाका!"

सुलभाताईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. भाऊ मात्र उभे राहिले, चपलेने फुटपाथवर क्रीज आखली आणि बंड्याची छत्री बॅटसारखी धरून वाकले. "हे बघ. इथे होती बॅट. इथे. काकांना सांग, उद्या कानाबरोबर डोळेपण तपासून आणतो."