देण्याचा आनंद एकट्यानेच का लाटायचा?

‘देण्यात आनंद आहे’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या सूर्योदयाच्या फोटोवर वाचायला मिळतं. वाक्य खोटं नाही. पण ते खरं असेल तर त्यातून एक अडचणीचा प्रश्न निघतो, आणि तो कुणी विचारत नाही. देण्यात एवढा आनंद असेल, तर ज्याला आपण कायम घ्यायलाच बसवलंय त्याच्या वाट्याला काय येतं?

ब्लँकेटवाटपाचे फोटो आठवा. देणारे चारपाच जण, चेहरे फुललेले, नजर कॅमेऱ्याकडे. घेणारा खाली बघतोय, किंवा भलतीकडेच. थंडीत त्याला पांघरूण मिळालं हे चांगलंच झालं, त्याला नावं ठेवणारी मी कोण? फक्त पांघरुणाची वाटणी एका बाजूला आणि आनंदाची वाटणी दुसऱ्या बाजूला झाली, हे त्या फोटोत लख्ख दिसतं.

देण्यातून आनंद मिळतो याबद्दल मला शंका नाही. २००८ मध्ये एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी एक साधा प्रयोग केला. सकाळी लोकांच्या हातात पाकीट दिलं, कुणाला ५ डॉलरचं, कुणाला २० डॉलरचं. काहींना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा. बाकीच्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणावर तरी खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुश निघाले आणि पाकिटात ५ होते की २० याने फारसा फरक पडला नाही. गंमत म्हणजे आधी अंदाज विचारला तेव्हा बहुतेकांना वाटलं होतं की स्वतःवर खर्च करणारेच सुखी होतील, तेही २० वाले. आपल्याला कशाने बरं वाटेल हे आपल्यालाच नीट कळत नाही. पुढे ॲकनिनबाईंनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. स्वतःच्या वाटीतला खाऊ बाहुलीला भरवताना मुलांचे चेहरे जास्त खुलले. त्या वयात पुण्य नाही, समाजसेवा नाही, फोटो तर नाहीच.

म्हणजे देण्याची ओढ आत असतेच. मग कुठे बिघडतं?

पहिली गोष्ट, सगळंच देणं आनंदाचं नसतं. नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांच्या २०१० च्या अभ्यासात असं दिसलं की स्वतःच्या मर्जीने केलेली मदत करणाऱ्याला बरं वाटायला लावते. दडपणाखाली, लाजेकाजेस्तव केलेली नाही. आणि मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की मर्जीने केलेली मदत घेणाऱ्यालाही जास्त सुखावते. समोरचा मनापासून करतोय की उरकतोय, हे घेणाऱ्याला कळतं. आजारी माणसाला तर ते ताट पुढे करणाऱ्या हातावरून कळतं.

इथे जरा थांबते, कारण सेवेवरच्या गोड पोस्टींचा मला सगळ्यात जास्त राग इथेच येतो. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वयस्कर जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्या करण्याने पिचून गेलेल्या माणसांना, असं काही करावं न लागणाऱ्यांपेक्षा मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. जे जोडीदाराचं करत होते पण पिचलेले नव्हते, त्यांच्यात असा धोका दिसला नाही. म्हणजे मारक ठरत होतं ते पिचणं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्या बाईला ‘तू किती भाग्यवान, तुला सेवेची संधी मिळाली’ असं जे सांगतात, त्यांनी तोंड बंद ठेवून तिला एक दुपार मोकळी करून दिली तर जास्त उपयोग होईल. तिच्या जागी बसा. ती झोपेल.

करुणा म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात स्वतः बुडून जाणं, असंही आपण धरून चालतो. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी केलेल्या प्रयोगांत याची उलट बाजू दिसली. दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं स्वतःत अनुभवायचं प्रशिक्षण दिलं तेव्हा लोक जास्त खिन्न झाले. त्यानंतर त्याच लोकांना दुःखी माणसाबद्दल माया आणि त्याचं भलं व्हावं ही इच्छा मनात धरायला शिकवलं, तेव्हा समोर तेवढंच दुःख असूनही त्यांना बळ आल्यासारखं वाटलं. मेंदूतले वेगवेगळे भाग त्या त्या वेळी कामाला लागलेले दिसले. जखमेवर पट्टी बांधणाऱ्याचा हात थरथरून चालत नाही, हे कुठल्याही नर्सला विचारलं तरी ती सांगेल.

आता घेणाऱ्याकडे येते.

१९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात दोन मजल्यांवर दोन वेगळी भाषणं करायला लावली. एका मजल्यावर सांगितलं, तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप घ्या, याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण सांगितलं की पाणी घालायचं काम आमची माणसं करतील, तुमची सगळी काळजी आम्हीच घेणार. दुसरं भाषण ऐकायला जास्त प्रेमळ आहे. पण तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची म्हातारी माणसं जास्त तरतरीत, जास्त हिंडतीफिरती आणि स्वतःच्याच सांगण्यानुसार जास्त आनंदी होती. (याच प्रयोगातून माणसं जास्त जगली असाही दावा फिरतो. त्यातल्या आकडेमोडीत नंतर दुरुस्ती करावी लागली, म्हणून त्यावर मी काही उभारत नाही.)

आता दुसऱ्या मजल्याचा विचार करा. ‘तुम्ही काही करायचं नाही, आराम करायचा.’ आपण आपल्या म्हाताऱ्यांना रोज हेच सांगतो आणि त्याला प्रेम म्हणतो. हातातली सुरी काढून घेतो, झाडू काढून घेतो, हिशोबाची वही काढून घेतो. मग ते दिवसभर खिडकीत बसून असतात आणि आपण म्हणतो, हल्ली बाबा फार गप्प गप्प असतात.

याहून भारी गोष्ट १९९१ ची. बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर न्यू यॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावच्या वृद्धाश्रमाचं काम बघायला लागला. तिथल्या माणसांना नेमकं काय खातंय हे शोधताना त्याला तीन गोष्टी दिसल्या: एकटेपणा, कंटाळा आणि असहायपणा. मग त्याने दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर छोटे पोपट आणायची परवानगी मिळवली. सगळे पक्षी एकाच दिवशी येऊन थडकले आणि पिंजऱ्यांचा पत्ता नाही! आणणाऱ्याने ते तळमजल्यावरच्या केशकर्तनाच्या खोलीत सोडले, दार लावून घेतलं आणि निघून गेला. पिंजरे नंतर आले, तेही सुटे भाग, जोडायचे. डॉक्टर आणि कर्मचारी पक्ष्यांमागे धावताहेत आणि म्हातारी मंडळी काचेला नाक लावून पोट धरून हसताहेत, असा तो दिवस गेला.

पुढे जे झालं ते महत्त्वाचं. शंभरच्या शंभर पक्ष्यांना तिथल्या माणसांनी नावं दिली, आपापला पक्षी सांभाळायला घेतला. जी माणसं जागची हलत नव्हती ती येऊन म्हणू लागली, कुत्र्याला फिरवून मी आणतो. औषधांचा वापर बराच खाली आला. थॉमसचं म्हणणं असं, की असहायपणावरचा उतारा म्हणजे आणखी सेवा नव्हे. दुसऱ्याची काळजी घेण्याची संधी, हाच तो उतारा. पिंजऱ्यातले पक्षी मला खुपतात, हेही सांगून टाकते. माणसाचा एकटेपणा घालवायला पक्ष्याचं आभाळ काढून घ्यावं का, हा प्रश्न त्या सुंदर गोष्टीतही शिल्लक राहतोच. कुत्र्याला फिरवण्याबद्दल मात्र कुत्र्याची तक्रार नसावी.

बाबा आमटे यांनी आनंदवन उभारताना हेच ओळखलं होतं असं मला वाटतं. कुष्ठरोग्यांना कुणी टाकून द्यायचं, कुणी भीक घालायची. दोन्हीत त्यांच्या हातांना काम नव्हतं. आनंदवनात ते शेती करू लागले, घरं बांधू लागले. आणि ज्या बाहेरच्या जगाने त्यांना हाकललं होतं, त्याच जगाच्या मुलांसाठी त्यांनी कॉलेजची इमारत उभी केली. भिंत बांधणारा माणूस त्या दिवशी घेणारा नसतो.

सर्व जीवांबद्दल आदर हा विषय निघाला की डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांचं नाव येतंच. १९१३ मध्ये ते आफ्रिकेतल्या, आजच्या गॅबनमधल्या लांबारेने इथे दवाखाना काढायला गेले. १९१५ मध्ये ओगोवे नदीतून होडीने जाताना, पाणघोड्यांच्या कळपाजवळून पुढे सरकताना, ‘जीवनाविषयी आदर’ ही कल्पना त्यांना सुचली आणि आयुष्यभर पुरली. १९५२ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. मला त्यांची भावलेली गोष्ट वेगळीच आहे. मासे खाणाऱ्या एका शिकारी पक्ष्याचं पिल्लू काहींनी पकडलं होतं, ते त्यांनी विकत घेऊन सोडवलं. आता त्याला उपाशी मारायचं की रोज त्याच्यासाठी मासे मारायचे? त्यांनी मासे मारायचं ठरवलं, पण एका जिवासाठी दुसरा जीव देण्याची ही जबाबदारी रोज जड वाटते, असं लिहून ठेवलं. मला हा प्रामाणिकपणा पटतो. कुणालाच न दुखवता जगता येतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. निदान काय दिलं जातंय याची नोंद मनात राहावी, एवढं जमू शकतं.

पण त्याच श्वाइट्झर यांनी आफ्रिकेतल्या माणसांबद्दल लिहिलं, मी तुमचा भाऊ आहे हे खरं, पण थोरला भाऊ. मुंगीला न चिरडणारा, रुग्णासोबत त्याच्या घरच्यांना दवाखान्यात राहू देणारा एवढा मोठा माणूस, आणि माणसांशी बोलताना एक पायरी वर उभा! मी त्यांना मोडीत काढत नाही. उलट त्यांच्यासारख्याचं असं होतं, तर महिन्याला एक दिवस सेवा करणाऱ्या आपलं किती सहज होत असेल, असं मनात येतं. थोरल्या भावाला धाकट्याकडून काही घ्यावं लागत नाही. त्याचं सगळं सुख त्यातच असतं, आणि धाकट्याचं सगळं दुखणंही.

प्राण्यांच्या बाबतीत हा हिशोब कसा मांडायचा, असं कुणी विचारेल. २०११ मध्ये शिकागोत इनबाल बेन-अमी बार्ताल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नळीत अडकलेल्या जोडीदाराला उंदीर दार उघडून सोडवतात. शेजारी चॉकलेट ठेवलं आणि ते सगळं एकट्याने खायची सोय असली, तरी बऱ्याचदा ते आधी किंवा नंतर जोडीदाराला सोडवतात आणि त्याच्यासाठी काही तुकडे उरतात. म्हणजे ‘मुके बिचारे’ तेवढे बिचारे नाहीत, त्यांचंही आपसात देणंघेणं चालतं. त्यात आपण उठसूट हात घालायची गरज नसते. उडायला शिकणारं पिल्लू जमिनीवर दिसलं की कळवळून घरी उचलून आणणारे पुष्कळ आहेत. बहुतेकदा त्याचे आईबाप जवळच्याच फांदीवर असतात आणि त्याला भरवत असतात. जखम नसेल आणि मांजराची भीती नसेल, तर लांब उभं राहून थोडा वेळ बघणं हीच सेवा. त्यात मिरवण्यासारखं काहीच नसल्यामुळे ती कमी लोक करतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: पोट रिकामं असलेल्या माणसाला तुझं हे तत्त्वज्ञान काय कामाचं? काहीच नाही. त्याला आधी जेवायला द्या. पुरात अडकलेल्याला आधी ओढून वर काढा. मी म्हणतेय ते दुसऱ्या दिवसापासूनचं. दुसऱ्या दिवशी तो भांडी घासायला उठला तर त्याला ‘राहू द्या हो’ म्हणून खाली बसवू नका. आजारी मैत्रिणीने तुमच्या नोकरीतल्या कटकटीवर सल्ला दिला, तर ‘तू आधी स्वतःकडे बघ’ म्हणू नका, सल्ला ऐका. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने तिच्या घरचं काही आणून दिलं तर संकोचाने परत करू नका. घेणं हेही जमावं लागतं, आणि सेवाभावी माणसांना ते फारच कमी जमतं, हा माझा अनुभव.

हल्ली कुठल्याही संस्थेला देणगी देण्याआधी मी एक प्रश्न विचारते: ज्यांच्यासाठी तुम्ही काम करता, त्यांच्यातलं कुणी तुमच्या निर्णय घेणाऱ्यांत बसतं का? बहुतेकदा समोरचा गोंधळतो, मग म्हणतो, ‘नाही, पण चांगली कल्पना आहे.’ गरज खरी असेल तर मी पैसे देते. आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारते.