पर्मनंट आयलायनर आणि एमआरआय: खुलासा

पर्मनंट आयलायनर म्हणजे पापणीच्या कडेला गोंदलेली रेघ. ‘पर्मनंट आयलायनर केलं असेल तर एमआरआय करताच येत नाही, डोळे भाजतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी कुणी गरजेचा स्कॅन टाळला तर नुकसान मोठं.

गोंदायच्या काळ्या-तपकिरी शाईत बहुधा आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोहाचं संयुग असतं, आणि एमआरआयचं यंत्र म्हणजे मोठा चुंबक. त्यामुळे क्वचित पापण्या गरम होतात, चुरचुरतात किंवा सुजतात. हा त्रास ओसरतो. डोळ्यांचाच स्कॅन असेल तर मात्र तेवढ्या भागाची प्रतिमा बिघडू शकते.

फॉर्म भरतानाच टेक्निशियनला सांगा. काजळ, मस्कारा पुसा. चुंबकाने चिकटणाऱ्या खोट्या पापण्या तर काढाच. आत चटका जाणवला तर सहन करत पडून राहू नका, हातातला रबरी फुगा दाबा, स्कॅन थांबवतात. आयलायनर कालपरवाच केलं असेल आणि तातडी नसेल, तर पुढची तारीख घ्या.