रायटर्स बिल्डिंगला नुसते स्मारक करू नये

कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून पश्चिम बंगालचे सचिवालय २०१३ साली दुरुस्तीसाठी म्हणून हुगळीपलीकडच्या, हावड्यातल्या 'नबान्न' या इमारतीत गेले आणि हे तात्पुरते स्थलांतर दशकभराहून अधिक लांबले. राज्यकारभारासाठी वाढवलेल्या वास्तूतून राज्यकारभारच काढून घेतला, तर ती वाचवली असे म्हणता येईल का? माझ्या मते नाही.

ही इमारत मुळात दिमाखदार नव्हती. थॉमस लायनने १७७७ च्या सुमारास ती ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण कारकुनांसाठी, म्हणजे 'रायटर्स'साठी, बांधायला घेतली, तेव्हा तिचे रूप बरेचसे एखाद्या लांबलचक कोठारासारखे होते. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजचे वर्ग येथे भरू लागले. (याच कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवत असत आणि त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.) १८२१ साली आयोनिक या प्राचीन ग्रीक धाटणीच्या खांबांचा व्हरांडा आला, आणि आज दिसणारा लाल विटांचा, मधोमध त्रिकोणी शिखरपट्टी असलेला ग्रीक-रोमन थाट तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. शिखरावर मिनर्व्हा ही रोमन विद्यादेवता उभी आहे आणि गच्चीच्या कडेने न्याय, व्यापार, विज्ञान व शेती यांचे पुतळे आहेत. कंपनीच्या जागी राणीचे सरकार आल्यावर कारकुनी इमारतीला सत्तेचा मुखवटा हवा होता, तो असा चढवला गेला.

काळ्या पाषाणाच्या मुलखात वाढलेल्या नाशिककराला आणखी एक गोष्ट जाणवते. बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगडच नाही, त्यामुळे अथेन्सच्या संगमरवराची ऐट तिथे वीट आणि चुना यांवर पेलावी लागली. विटेत मुरणारे पाणी, गिलाव्याला येणारा पोपडा आणि भेगेत रुजणारे पिंपळाचे रोप ही अशा बांधकामाची नित्याची दुखणी आहेत. रोजचा वावर असला की गळके छत दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी टेबलावर टपकते आणि तक्रार होते. कुलूप लागले की ते पावसाळेच्या पावसाळे कोणाला कळतही नाही.

इतिहासाचेही तसेच आहे. ८ डिसेंबर १९३० रोजी बिनय, बादल आणि दिनेश हे तिघे तरुण युरोपीय वेशात याच इमारतीत शिरले आणि त्यांनी तुरुंग महानिरीक्षक सिम्प्सन याला गोळ्या घातल्या. समोरचा डलहौसी चौक आज त्यांच्याच आद्याक्षरांनी बी.बी.डी. बाग म्हणून ओळखला जातो. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्या आमच्या नाशकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे त्याच इमारतीत बिधानचंद्र रॉय बसले आणि ज्योती बसू २३ वर्षे मुख्यमंत्री म्हणून बसले. परक्या सत्तेने मिरवण्यासाठी उभारलेल्या खांबांमागे आपल्या लोकांनी खुर्ची टाकून कारभार केला, हेच मला त्या वास्तूचे खरे मोल वाटते, आणि ते संग्रहालयाच्या काचेआड मावणारे नाही.

आमचा सरकारवाडा हे जवळचे उदाहरण आहे. सराफ बाजारातली ही पेशवेकालीन कचेरी. तिच्या लाकडी खांबांवरची नक्षी थांबून पाहावी अशी आहे, पण बाजारात आलेला माणूस आत वळत नाही, कारण आत त्याचे काही काम नसते. म्हणून रायटर्स बिल्डिंगमध्ये सगळे सचिवालय नसले तरी चालेल, पण मुख्यमंत्र्यांचे कार्यालय, अभिलेखागार आणि सामान्य माणसाचे अर्ज घेणारी एखादी खिडकी तरी असावी, आणि नंतर जोडलेली अनावश्यक बांधकामे पाडून इमारतीतले मूळ चौक मोकळे करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.