वेलचीचे एवढे कौतुक कशाला?

क्रिकेटचा सामना लावावा, तर षटक संपताच एखादा सुपरस्टार कोट चढवून येतो आणि वेलचीचे दाणे तोंडात टाकून, यशाचे रहस्य सांगितल्याच्या थाटात निघून जातो. खिरीला चार वेलदोडे पुरणाऱ्या घरांत वेलची खपवण्यासाठी एवढे महागडे नट लागतात, यावर विश्वास ठेवण्याइतके आपण दूधखुळे आहोत, अशी यांची समजूत आहे काय? तंबाखूच्या जाहिरातींना २००३ च्या कायद्याने बंदी केली, म्हणून तंबाखूच्या पुडीवरचे तेच नाव आणि तीच अक्षरे वेलचीच्या डबीवर चढवायची; पाहणाऱ्याने काय समजायचे ते तो बरोबर समजतो.

महाराष्ट्रात तर २०१२ पासून गुटखा आणि पानमसाला या दोहोंवर बंदी आहे (ती कागदावर किती सुरक्षित आहे!), तरीही टपरीवाला फळीखालून दोन पुड्या निमूटपणे काढून देतो, एक मसाल्याची आणि एक तंबाखूची. मिसरूडही न फुटलेली पोरे त्या पुड्या दातांनी फोडतात, एकीत दुसरी ओततात, हलवतात आणि मान मागे टाकून थेट त्या नटाच्या ऐटीत तोंडात रिकाम्या करतात. २०२२ मध्ये चाहत्यांनी धारेवर धरल्यावर अक्षय कुमार यांनी माफी मागून अशा जाहिरातीतून अंग काढून घेतले, हे खरे. इतरांपैकी काहींना मात्र त्याचे सोयरसुतक नाही, आणि हीच मंडळी मुलाखतींत पहाटेच्या व्यायामाचे नि साखर सोडल्याचे धडे देऊ लागली, की तळपायाची आग मस्तकात जाते.